हळदकुंकू लागलेलं डोंगल

आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम कुठलं म्हणाल, तर किंमत सांगून गप्प बसणं. सॉफ्टवेअर लिहिणंही अवघड असेल, पण ते आपटे करायचे. माझं काम भोसरी-चाकणच्या शेडांमध्ये जाऊन समोरच्या शेठला आकडा सांगायचा, आणि मग तोंड मिटून पंख्याकडे बघत राहायचं. पहिली दोन वर्षं मला ते काही जमलं नाही. आकडा सांगितला की माझी मीच घाबरायची आणि शेठने तोंड उघडायच्या आत म्हणायची, "म्हणजे, थोडं कमी-जास्त होईल बरं का." झालं! तिथून पुढे ते कमीच व्हायचं. जास्त एकदाही झालं नाही.

मी सरोज गायकवाड. वडील पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते, आम्ही चार भावंडं दोन खोल्यांत वाढलो. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि भोसरीच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागले. तिथे पहिल्याच आठवड्यात जे काम माझ्या गळ्यात पडलं, त्याच्यावरच पुढचं सगळं आयुष्य गेलं. म्हणून ते काम काय असतं ते आधी सांगते.

स्टीलचा पत्रा येतो आठ फूट बाय चार फूट. त्यातून ब्रॅकेट, झाकणं, पट्ट्या असे वाकड्यातिकड्या आकाराचे पार्ट कापायचे असतात. घरी मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतात ना, तसंच. पुऱ्या जवळजवळ पाडल्या तर जास्त निघतात, लांब पाडल्या तर मधली कड वाया जाते. फरक एवढाच की पिठाची कड परत मळता येते, पत्र्याची भंगारात जाते. मी प्रत्येक पार्ट कार्डपेपरवर काढून कात्रीने कापायची, ऑफिसच्या फरशीवर खडूने पत्र्याची चौकट आखायची, आणि चपला काढून त्या चौकटीत ते तुकडे सरकवत बसायची. कंपनीतले लोक येता-जाता म्हणायचे, "काय गायकवाड मॅडम, भातुकली चालू का?" मी म्हणायची, "हो, तुमचाच पगार शिजवतेय." हात मात्र माझा चांगला होता, हे मी आजही सांगेन.

आपटे त्याच कारखान्यात कॉम्प्युटरचं बघायचे. अतिशय सज्जन आणि मितभाषी माणूस. माझी भातुकली त्यांनी महिनाभर बघितली आणि एक दिवस म्हणाले, "हे मशीनला शिकवता येईल." पुढे आम्ही दोघांनीही नोकरी सोडली आणि निगडीला प्राधिकरणात, त्यांच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये, एक छोटंसं सॉफ्टवेअर तयार केलं. पार्टची चित्रं द्यायची, ते पत्र्यावर कसे बसवायचे हे ते सांगणार आणि पत्रा कापणाऱ्या लेझर मशीनला लागणारा प्रोग्रामही काढून देणार. नाव ठेवलं 'मांडणी'. आपटे कोड लिहायचे आणि मी गिऱ्हाइकांशी भांडायची, अशी आमची भागीदारी.

आम्ही किंमत ठेवली पंधरा हजार. कुणी घेईना. भोसरीतल्या एका शेठने सीडी हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि म्हणाला, "पत्रा मी किलोवर घेतो. हे किलोवर कसं दिलं?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "शेठ, तुमचं भंगार किलोवर कसं जातं ते सांगा आधी." त्याच्याच शेडमध्ये एक पत्रा त्यांच्या पद्धतीने कापायला लावला, एक 'मांडणी'च्या पद्धतीने, आणि दोन्हीची उरलेली कड त्याच्याच काट्यावर टाकली. शेठ काट्याकडे बघत बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा गप्प बसता आलं.

तिथून आल्यावर मी आपट्यांना म्हटलं, किंमत पंचेचाळीस हजार करू. ते कासावीस झाले. "अहो, मला लिहायला आठ महिने लागले, त्याचे एवढे कसे मागायचे?"

"तुमचे आठ महिने शेठला दिसत नाहीत. त्याला त्याचं भंगार दिसतं."

आणि काय सांगू, पंचेचाळीसला ते विकायला लागलं! एका गिऱ्हाइकाने नंतर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की पंधराला होतं तेव्हा त्याला वाटलं, कॉलेजच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून केलं असणार.

पण सॉफ्टवेअर विकण्यात एक गोची आहे. पत्रा एकाला विकला की तो दुसऱ्याला देता येत नाही. सॉफ्टवेअर एकाने घेतलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या मेव्हण्याकडे पोचतं. म्हणून कुलूप लागतं. आमचं कुलूप म्हणजे डोंगल, अंगठ्याएवढं काळं बोंडूक. ते कॉम्प्युटरला खोचलेलं असेल तरच 'मांडणी' चालणार, काढलं की बंद. प्रोग्रामची कॉपी हजार ठिकाणी करा, डोंगल एकच. म्हणजे खरं तर आम्ही विकत होतो ते डोंगलच.

या डोंगलचे लोकांनी काय काय प्रकार केले! एकाने त्याला भोक पाडून बँकेतल्या पेनासारखं टेबलाला साखळीने बांधलं. भोक नेमकं चिपमधून गेलं. तळवड्याचे एक शेठ कामगारांवर विश्वास नाही म्हणून डोंगल स्वतःच्या खिशात ठेवायचे. एकदा ते भाचीच्या लग्नाला लातूरला गेले आणि तीन दिवस त्यांची लेझर मशीन इथे गार पडून. मला फोन, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय." म्हटलं, सॉफ्टवेअर लग्नाला गेलंय, अक्षता टाकून येईल.

आमच्या करारात सातवं कलम होतं. डोंगल खराब झालं, तर जुनं परत आणून द्या आणि नाममात्र पैशांत नवं घ्या. पण हरवलं, तर परवानाच हरवला, नवा पूर्ण किमतीला. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्याला कारण होतं. सुरुवातीच्या काळात भोसरीच्या एका गिऱ्हाइकाने अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की डोंगल हरवलं. मला दया आली, मी दुसरं फुकट दिलं. दोन महिन्यांनी त्याच भागात दुसऱ्या एका शेडमध्ये चहाला थांबले, तर तिथल्या कॉम्प्युटरवर आमची 'मांडणी' चालू! शेड त्याच्याच भावाची. हरवलेलं डोंगल तिथे मजेत बसलेलं होतं. मी चहा तसाच ठेवून उठले. त्या दिवसापासून 'हरवलं' हा शब्द ऐकला की माझे कान बंद व्हायचे. आपटे कधीमधी म्हणायचे, "एखाद्याचं खरंच हरवत असेल हो." मी म्हणायची, "मंगळसूत्र हरवतं का कुणाचं? किमतीची वस्तू माणूस जपतो."

आता चाकणची गोष्ट सांगते. ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

महाळुंग्याच्या बाजूला पडवळ नावाचं एक जुनं घराणं. पिढ्यानपिढ्या कांदा पिकवून चाकणच्या बाजारात नेणारी माणसं. जमीन एमआयडीसीत गेली, पैसे आले. सगळे गाड्या घेत होते तेव्हा या घरच्या म्हाताऱ्याने, म्हणजे ज्ञानोबा पडवळांनी, लेझर कटिंगची मशीन घेतली. सगळे त्यांना नाना म्हणायचे. धोतर, टोपी, आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. मशीन चालवायला ऑपरेटर होता, पण कॉम्प्युटरवर बसायची त्यांची सून रेश्मा. ती बारावी झालेली होती आणि कामाला तल्लख होती. तिचा नवरा एका मोठ्या कंपनीत शिफ्टला जायचा. भावकीत कुजबुज होती की सुनेला एवढ्या किमतीच्या यंत्रावर कशाला बसवलंय, बाहेरचा शिकलेला माणूस ठेवा. नाना ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे.

'मांडणी' शिकवायला मी तिथे दोन दिवस गेले होते. रेश्माला एकदा दाखवलं की पुरायचं. निघताना मी ते डोंगल हातात धरून नाना आणि रेश्मा दोघांसमोर माझं नेहमीचं भाषण केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला करायची तेच. "हे बघा, लाखोंची मशीन उभी आहे, पण तिचा सगळा जीव या एवढ्याशा तुकड्यात आहे. जपा याला." नानांनी डोंगल दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं आणि मान हलवली. गिऱ्हाईक किती गंभीर आहे, असं मला बरं वाटलं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्माचा फोन आला. आवाज बारीक. "मॅडम, आपलं डोंगल हरवलं."

माझे कान बंद झाले. मी विचारलं, "कुठे हरवलं?"

"माहीत नाही. सुट्टीत कुठं गेलं कळेना. आम्हाला दुसरं द्या ना. खूप अर्जंट आहे."

अर्जंट काय होतं ते तिने सांगितलं. एका मोठ्या कंपनीने पहिल्यांदाच त्यांना नमुन्याचा लॉट दिला होता. पत्रेही कंपनीचेच, मोजून बारा. त्या बारा पत्र्यांतून सगळे पार्ट काढून चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या आत गेटवर पोचवायचे. जमलं तर कायमचे व्हेंडर, नाही जमलं तर दुसरे दोघं रांगेत. आणि हा लॉट नानांनी रेश्माच्या जिवावर घेतला होता. भावकीतला एक चुलतदीर बाहेरचा ऑपरेटर घेऊन तयारच बसला होता.

हे सगळं ऐकून मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "सातवं कलम वाच. नवा परवाना, पूर्ण किंमत."

ती म्हणाली, "एवढे आत्ता नाही जमणार मॅडम." मी फोन ठेवला. आपटे समोरच होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं न पटणं असंच असायचं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दोन दिवस फोन नाही. मला वाटायला लागलं, नक्की काहीतरी गडबड आहे. एवढी निकड असती तर चार वेळा फोन केला असता, रडली असती, भांडली असती. त्यात त्या भागातल्या एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं की पडवळांनी मागच्या बाजूला दुसरी शेड बांधली आहे. माझ्या डोक्यात भोसरीचा चहा उकळायला लागला. म्हटलं, आता रंगेहाथच पकडते. कुणालाही न सांगता सकाळी गाडी काढली आणि तळवड्यावरून चाकणला गेले.

मागची नवी शेड रिकामीच दिसली, पण पुढच्या शेडच्या बाहेरूनच लेझरचा आवाज आला. मशीन चालू होती! डोंगल हरवलंय म्हणे! मी तरातरा आत गेले. कॉम्प्युटर बंद होता. आणि त्याच्यामागे, मोकळ्या जमिनीवर, खडूने आखलेली आठ बाय चारची चौकट होती. तिच्या मधोमध रेश्मा गुडघ्यांवर बसलेली होती, साडीचा पदर खोचून, आणि चपलांच्या खोक्यांचे कापलेले तुकडे सरकवत होती.

मी जागीच थांबले. वीस वर्षांपूर्वीची मी तिथे बसले होते.

एकेका पार्टचे प्रोग्राम तिने सुट्टीच्या आधीच काढून मशीनमध्ये ठेवले होते. कुठला पार्ट पत्र्यावर कुठे बसणार, ते आता ती जमिनीवर मांडून, टेपने मोजून, आकडे मशीनच्या पॅनेलवर हाताने टाकत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन दिवसांत सहा पत्रे झाले होते, आणि एका आकड्याची चूक होऊन सातवा पत्रा फुकट गेला होता. म्हणजे उरलेल्या पाच पत्र्यांत सहा पत्र्यांचं काम बसवायचं होतं. कंपनी तेरावा पत्रा देणार नव्हती.

मला बघून ती उभी राहिली. हाताला खडू, डोळे सुजलेले. मी काही विचारायच्या आत दारातल्या खुर्चीतून नाना उठून आले. त्यांच्या हातात कुंकवाचा छोटा डबा होता. त्यांनी तो उघडून माझ्यासमोर धरला. आत डोंगल होतं. त्याच्या खोचायच्या तोंडात लालभडक कुंकू गच्च भरलेलं, वर हळदीचं बोट, आणि सगळं पाणी पिऊन वाळलेलं.

"म्याडम, हारवलं न्हाई," नाना म्हणाले. "खंडेनवमीला समदी हत्यारं पूजली. पाना पूजला, टेप पूजली. तुमी म्हनला व्हता, मशीनचा जीव यात हाय. मंग याला कसं सोडायचं? म्या ताम्हनात घेतलं, पानी घातलं, हळदकुकू लावलं. आवो, सगळ्यात आदी यालाच पूजलं."

मी रेश्माकडे बघितलं. "अगं, मग हरवलं का म्हणालीस? खराब झालं म्हणाली असतीस तर त्याच दिवशी दुसरं मिळालं असतं. नाममात्र पैशांत! कलम वाच म्हटलं होतं ना मी?"

"वाचलं होतं," ती खाली बघून म्हणाली. "पण खराब कसं झालं, असं तुम्ही विचारलं असतं. मग नानांनी पाण्यात बुडवलं, असं सांगू का बाहेरच्या माणसाला? भावकीत हसं झालं असतं त्यांचं. हरवलं म्हटलं की बोल माझ्यावर येतो. म्हटलं, येऊ दे माझ्यावर."

मला तिथल्या तिथे रडू आलं. खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मी खोटारडे पकडण्यात पटाईत म्हणून मिरवत होते, आणि ही पोर सासऱ्याची अब्रू राखायला खोटं बोलली, ते मला ओळखता आलं नाही. आणि पूजा तरी कुणी करायला लावली होती? माझंच तोंड. आमच्या घरात पूजाअर्चा नाही. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. त्यामुळे 'जीव यात आहे' असं अशा घरात, हत्यारं पूजणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो पुढे काय करेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी साध्या विक्रीच्या भाषणातलं वाक्य फेकलं होतं, नानांनी ते मनावर घेतलं.

मी आपट्यांना फोन लावला. एवढंच म्हटलं, "डोंगल खराब झालंय, नवं करून घेऊन या." त्यांनी कसं, काय, काही विचारलं नाही. मग मी चपला काढल्या आणि रेश्माच्या समोर गुडघ्यांवर बसले. पाच पत्रे आम्हाला पुरवायचे होते. तिच्या पद्धतीत एक उणीव होती. मोठ्या झाकणाच्या मधे जे चौकोनी भोक कापलं जातं, ती जागा ती वाया घालवत होती. मी त्या भोकात छोटे ब्रॅकेट उलटसुलट बसवून दाखवले. ती हरखून म्हणाली, "अय्या! हे 'मांडणी' पण करत नाही!" खरंच करत नव्हती. माझ्या हाताला माहीत असलेली ही गोष्ट मी आपट्यांना कधी सांगितलीच नव्हती. दुपारपर्यंत आम्ही पाचही पत्रे जमिनीवर लावून दाखवले, आणि एकही पार्ट बाहेर राहिला नाही. कामाचा आनंद म्हणतात तो काय, तर मला तो त्या दिवशी मिळाला, माझ्याच चुकीच्या मधोमध बसून.

संध्याकाळी आपटे आले. नवं डोंगल खोचलं, आमची जमिनीवरची मांडणी कॉम्प्युटरवर उतरवली, आणि मशीन थांबली नाही. सकाळी सगळे पार्ट तयार. फक्त त्यांच्या कडा घासायच्या राहिल्या होत्या, त्यात दोन तास गेले. साडेनऊला नाना आणि रेश्मा टेम्पोत बसून निघाले. मी घरी येऊन फोनजवळ बसले.

साडेअकराला तिचा फोन आला. "मॅडम, गेट बंद झालं." तो चाकणच्या बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या ट्रकांनी चौक भरलेला, टेम्पो तासभर एका जागी. गेटवर पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. आतल्या साहेबाने बाहेर येऊन पार्ट बघितले, चांगले आहेत म्हणाला, आणि घेतले नाहीत. मागून नानांचा आवाज ऐकू आला, "जल्मभर त्याच बाजारात कांदा न्हेला, अन् त्यानंच आडवं लावलं बघा."

काम दुसऱ्याला गेलं. वीस मिनिटं म्हणजे काही नाही, असं लोक म्हणतात. मी फोनवर कलम पुढे केलं नसतं, तर त्यांच्याकडे पूर्ण दोन दिवस होते. बाजार लागायच्या आत तो माल गेटच्या आत पडला असता. हा हिशोब मी कितीही वेळा केला तरी उत्तर तेच येतं.

रेश्माचं काय होणार याची मला धास्ती होती. चार दिवसांनी मी परत गेले. तो चुलतदीर त्याच्या ऑपरेटरला घेऊन आलेलाच होता, चहा चालू होता. नाना सगळ्यांच्या देखत म्हणाले, "काम माज्यामुळं गेलं. डोंगल म्या बुडवलं. ह्या पोरीनं माजं नाव राखलं. व्हय, कामपुटरवर तीच बसंल." म्हाताऱ्याचं हसं होईल ही रेश्माला भीती होती, तेच हसं त्याने स्वतःहून सगळ्यांपुढे मांडलं. दीर चहा पिऊन गेला. मग मी बोलले, "नाना, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे गेलं." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ओ. जीव कुटं हाय ते तुमी खरंच सांगितलं व्हतं."

पडवळांना सावरायला दीड वर्ष गेलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे पत्रे, इलेक्ट्रिकच्या पेट्या, असली बारीकसारीक कामं करत राहिले. मग हळूहळू बस्तान बसलं. मी निगडीला आल्यावर सातवं कलम खोडलं आणि लिहिलं, डोंगलचं काहीही झालं तरी आधी दुसरं दिलं जाईल, चौकशी नंतर. आपट्यांनी भोकातली मांडणीही प्रोग्राममध्ये घातली. माझ्या ताठ मानेला वळण लागायला एवढी किंमत एका दुसऱ्याच घराने मोजली, याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

आता आमचं दुकान बंद झालं आहे. नवी सॉफ्टवेअरं महिन्याच्या भाड्याने मिळतात, इंटरनेट गेलं की तीही जातात, त्यांच्या कंपन्यांना फोन केला की मशीनच बोलते. आपटे मुलाकडे बंगळुरूला गेले. जायच्या आधी आम्ही शेवटचं एक काम केलं. 'मांडणी'चं कुलूप काढून टाकलं. जुन्या गिऱ्हाइकांची डोंगलं एकेक करून मरणार होती आणि नवी करून द्यायला कुणी असणार नव्हतं. आपटे म्हणाले, "आता कुणीही कॉपी करेल." म्हटलं, करू दे, भोसरीच्या त्या भावालाही करू दे. सगळ्यांना मेलवर पाठवलं. चाकणला मात्र मी स्वतः गेले, आणि मुद्दाम खंडेनवमीला गेले.

शेड आता मोठी झाली आहे, मशीन दोन आहेत, आणि रेश्माच्या हाताखाली दोन मुली कॉम्प्युटरवर बसतात. नानांना आता नीट ऐकू येत नाही. पूजेची तयारी चालली होती. ताम्हणात पाना, टेप, व्हर्निअर, आणि एका बाजूला ते जुनं कुंकवाने भरलेलं डोंगल. ते त्यांनी टाकलं नव्हतं. मी कुलूप काढलेली 'मांडणी' कॉम्प्युटरवर टाकली, खोचलेलं नवं डोंगल काढलं आणि रेश्माला म्हटलं, "चालू कर." 'मांडणी' उघडली. ती हसली आणि लगेच अर्धवट राहिलेला पत्रा लावायला लागली.

नानांनी ते डोंगल माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितलं. "याच्याबिगर चालतंय व्हय?"

"चालतं, नाना," मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"मंग मशीनचा जीव कुटं गेला?"

या वेळी मी भाषण केलं नाही. गप्प बसले. नानांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग शेडभर नजर फिरवली. ताम्हणातलं एक झेंडूचं फूल उचललं, काठी टेकत टेकत गेले आणि ते रेश्माच्या हाताजवळ, माऊसच्या शेजारी ठेवलं.

स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, "नाना, पाणी नको हं."

"न्हाई गं," नाना म्हणाले. "कोरडंच हाय."